ग्रुपवरचे नाना, घरातले नाना

अहो,

तुमचा फोन अजून टुंग टुंग करतोय. तुमचं तेरावं झालं, सतरंज्या गुंडाळून ज्याच्या त्याला परत दिल्या, पाहुणे आपापल्या गावी गेले, पण हा काही गप्प बसायला तयार नाही. डायनिंग टेबलावर तुमच्या जागेसमोर चार्जिंगला लावून ठेवलाय. कुणी लावला म्हणाल, तर मीच. ज्याला इतकी वर्षं माझी सवत म्हणत आले, त्याला आता मीच सकाळ-संध्याकाळ खाऊ घालतेय. हसा, हसून घ्या.

पेपरात तुमच्याबद्दल चार ओळी दिल्या. जन्म, नोकरी, पश्चात पत्नी, मुलगी, जावई. फोटो तुम्हाला न आवडणारा आला, कारण आवडणारा कुणालाच सापडला नाही. ते सगळं मी इथे पुन्हा लिहीत बसत नाही. मला आपलं भांडण पुरं करायचंय. तुम्ही मध्येच उठून गेलात, आणि भांडणात मध्येच उठून जायचं नाही असं आपलं ठरलेलं होतं.

भांडण तसं एकच. मी म्हणायचे, हा फोन आल्यापासून माणसं माणसांकडे जायची बंद झाली. तुम्ही म्हणायचात, अगं, हा आला म्हणून तर माणसं एकमेकांना विचारायला लागली. किती वर्षं चाललं हे! कधी जेवताना, कधी झोपताना, एकदा तर त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या रांगेत. पुढच्या बाई वळून म्हणाल्या, "काका, काकू, देवाला तरी ठरवू द्या."

माझं माहेर इगतपुरीचं. पत्र्याच्या छपरावर चार महिने पाऊस बडवत असायचा, त्याच्यावरून बोलायचं तर घसा ताणावाच लागायचा. तो ताणलेला घसा घेऊन मी तुमच्या घरात आले आणि तुम्ही निघालात मुलखाचे मुखदुर्बळ. मला बघायला आलात तेव्हा सगळा वेळ पोह्यांच्या बशीकडे बघत बसला होतात. तुम्ही गेल्यावर माझ्या आईने काळजीने विचारलं होतं, "मुलगा बोलतो ना गं?" पाटबंधारे खात्यात आयुष्यभर फायली हलवल्यात, पण ऑफिसातल्या कुणाचं नाव तुमच्या तोंडून घरी आलं नाही. कुणाच्या लग्नाला गेलो की भिंतीकडेची खुर्ची धरायची आणि जेवायला बोलावेपर्यंत तिथून हलायचं नाही. घरातलं बोलणं माझं आणि ऐकणं तुमचं, अशी वाटणी होती. मी म्हणायचे, चालायचंच. एका घरात दोन इगतपुरीकर असते तर शेजाऱ्यांनी घर सोडलं असतं.

मग तुम्ही रिटायर झालात आणि आपल्या स्मिताने पुण्याहून माहेरी येताना हा फोन आणला. आधी तुम्ही त्याला हात लावायला घाबरत होतात. काचेला ओरखडा पडेल म्हणून रुमालात गुंडाळून ठेवायचात. आणि मग काय झालं देव जाणे, तुम्हाला एकदम वाचा फुटली. कॉलनीचा ग्रुप निघाला, तुम्ही त्याचे ॲडमिन झालात. उद्या पाणी येणार नाही, टाकी भरून ठेवा. मखमलाबादची मेथी गेटवर आली आहे, ताजी आहे. अमक्यांच्या नातवाला दात आला. उजाडायच्या आत सगळ्यांना एक गुलाबाचं फूल आणि खाली 'शुभ सकाळ'. समोर माणूस आला की मान खाली घालणारे तुम्ही ग्रुपवर मात्र वाघ. बायका जिन्यात मला थांबवून म्हणायच्या, "काकू, नाना किती छान बोलतात हो!" मी विचारायचे, "कोण नाना?"

मला खरंच कळत नव्हतं की हे कोण नाना. माझ्या घरातले नाना तर चहाचा कप पुढे आला की आधी त्याचा फोटो काढायचे, तो ग्रुपवर टाकायचे, 'या चहाला' असं लिहायचे आणि मग लोकांची उत्तरं वाचत बसायचे. तोवर चहा गार. ज्या बाईने तो केला ती समोर उभी, तिला 'बस, तूही घे' म्हणायचं राहून जायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मला राग यायचा, आणि त्याहून जास्त, आता सांगते, मला हेवा वाटायचा. इतकी वर्षं मी या माणसाच्या तोंडातून शब्द काढायला धडपडले आणि ते सगळे शब्द साठवून ठेवून यांनी कॉलनीला वाटले.

लग्नाच्या वाढदिवसाचं तर तुम्हाला आठवतच असेल. मी खाली भाजीच्या गाडीवर वांगी निवडत होते. वरच्या मजल्यावरच्या पगारे सिस्टर शेजारी येऊन उभ्या राहिल्या. सरकारी दवाखान्यात हयातभर नर्स म्हणून राबलेल्या, आता एकट्या राहणाऱ्या, उगाच गोड न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मंगलताई, आज तर कमालच केली नानांनी." मी म्हटलं, "काय केलं?" माझ्याकडे साधा बटणांचा फोन, मला कुठून कळणार? त्यांनी चष्मा चढवला आणि तिथेच, वांग्यांच्या ढिगासमोर, मोठ्याने वाचून दाखवलं. शब्द न् शब्द पाठ आहे मला.

'आज आमच्या लग्नाचा वाढदिवस. मंगलचा आवाज मोठा आहे असं सगळे म्हणतात. खरं आहे. ऑफिसातून येताना तो जिन्यातच ऐकू यायचा आणि मला बरं वाटायचं. घरात तो आवाज नसता तर मला घरी यावंसं वाटलं नसतं.'

भाजीवाली कमरेवर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "लय भारी लिवलंय नानांनी. आमचा धनी तर जेवन वाढलं तरी बोलत नाय." मी वांगी तशीच टाकून वर आले आणि तुमच्यावर बरसले. मला सांगायचं ते मला सोडून अख्ख्या कॉलनीला सांगता? आणि ते सिस्टरांनी मला भाजीच्या गाडीवर वाचून दाखवायचं? तुम्ही खाली बघून म्हणालात, "तू समोर असलीस की मला सुचत नाही गं."

"मग मी रोज समोरच्या देवरे आप्पांकडे जाऊन बसत जाऊ का, म्हणजे तुम्हाला सुचेल?"

"लय बोलतेस," तुम्ही म्हणालात आणि हसलात. मी दिवसभर फुगून बसल्याचं नाटक केलं. नाटकच होतं ते. दुपारी तुम्ही झोपल्यावर मी आरशासमोर उभी राहून ती वाक्यं स्वतःशीच म्हणून बघितली होती, हळू आवाजात, तुम्हाला ऐकू जाऊ नयेत म्हणून. मला ती फार आवडली होती, अहो. एवढं एक वाक्य मी तुम्हाला सांगायला हवं होतं. माझ्यासारख्या बडबड्या बाईला तेवढं एक तोंडावर म्हणता आलं नाही, आणि मी तुम्हाला मुखदुर्बळ म्हणत राहिले.

आता देवरे आप्पांचं. ते निघालंच आहे तर पुरतं होऊ दे, कारण ते आठवलं की मला अजून पोट धरून हसू येतं. समोरच्या बिल्डिंगमधले आप्पा, मूळचे सटाण्याकडचे, रागावले किंवा आनंदले की थेट अहिराणीत शिरणारे. त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. मुलाने सकाळी सकाळी त्यांना खुर्चीत बसवून, कपाळाला टिळा लावून, झेंडूचा भलामोठा हार घालून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. मजकूर मागून टाकायचा होता. तुम्ही तेव्हाच अंघोळीहून येऊन, चष्मा न लावता, फोन उघडलात. हार दिसला, टिळा दिसला, डोळे मिटलेले दिसले. लिहून मोकळे झालात, 'भावपूर्ण श्रद्धांजली. मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले.'

तुमच्यावर कॉलनीचा विश्वास केवढा! नाना म्हणतात म्हणजे खरंच असणार. मग काय, धबधबाच लागला. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. दुःखातून सावरण्याचे बळ मिळो. एकाने तर लिहिलं, 'कालच गेटवर भेटले होते, विश्वास बसत नाही.' आप्पा तिकडे तोंडात पेढा धरून स्वतःबद्दलच्या या गोष्टी वाचत होते.

थोड्या वेळाने आपली बेल वाजली. दारात आप्पा, हारासकट. "ओ नाना! मी जित्ता शे! हात लाईसन देखा!" तुम्ही दारात उभ्या उभ्या थिजलात. मी आतून धावत आले, प्रकार कळला आणि मला जे हसू फुटलं ते सोफ्यावर बसून आवरावं लागलं. आप्पाही हसले. सगळे हसलो. मी चहा टाकला. आणि मग कप हातात घेऊन आप्पा जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "नाना, एक सांगू? सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली. पण मगाधरनं घरची बेल एकानेबी वाजवली नही. मी खरंच गेलो असतो, तर खांद्याला कोण येणार होतं?"

  त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, आणि दुपारी ग्रुपवर नियम टाकलात की यापुढे कुणाच्या निधनाची बातमी इथे लिहायची नाही, श्रद्धांजलीही लिहायची नाही. दुःखाची बातमी दारावर जाऊन सांगायची आणि ऐकणाऱ्याने पायात चपला घालून निघायचं. लोकांनी लगेच होकाराचे अंगठे टाकले.

मी म्हटलं, "आलात ना माझ्या बाजूला?"

"तुझ्या बाजूला नाही. मध्ये आलोय."

मध्ये! पाटबंधारे खात्याचा माणूस, दोन्ही काठांना पाणी सोडणारच.

त्यानंतर कॉलनीत कुणी गेलं की तुम्ही स्वतः जिने चढायचात. ज्यांच्याशी एरवी बोलायला तुमची जीभ उचलत नव्हती त्यांच्या दारावर जाऊन उभे राहायचात. काय म्हणायचात ते मी एकदा मागे उभी राहून ऐकलं होतं. "कुलकर्णी गेले. चला." एवढंच. पण लोक निघायचे. मग मला वाटायला लागलं की फोनवर बोलून बोलून तुमची जीभ थोडी सैल झाली असावी, आणि तिचा उपयोग आता दारावर होतोय. हे मी तुम्हाला कधी कबूल केलं नाही. भांडणात समोरच्याला दारूगोळा का पुरवायचा?

पगारे सिस्टरांचं झालं तेव्हा मात्र तुम्ही जिंकलात असं तुम्हाला वाटलं. रोज तुमच्या गुलाबाला त्यांचं 'जय भीम नाना' असं उत्तर यायचं, कधी चुकायचं नाही. एक दिवस आलं नाही. तुम्ही दोनदा फोन बघितलात, तिसऱ्यांदा बघितलात आणि चपला घालून वर गेलात. सिस्टर बाथरूममध्ये पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, आवाज देऊन देऊन घसा बसला होता. दार तोडलं, दवाखान्यात नेलं. संध्याकाळी घरी आलात ते छाती पुढे काढून. "बघितलंस? गुलाब गुलाब म्हणून हसतेस ना? ती हजेरी असते, मंगल. सगळे आहेत की नाहीत ते कळतं."

मी म्हटलं, "एकटी बाई डोक्यावर राहते. रोज सकाळी एकदा बेल वाजवली असती तर गुलाबाची गरज होती का?"

 तुम्ही म्हणालात, "पण वाजवली का कुणी? तू वाजवलीस?"

नव्हती वाजवली. तेवढ्यावर ते राहिलं. दुसऱ्या दिवसापासून तुमचा गुलाब जात राहिला आणि मी दवाखान्यात डबा नेत राहिले, आणि दोघांनीही आपापलं खरं असल्यासारखं तोंड केलं.

तुम्ही गेलात त्या सकाळीही गुलाब गेला. थंडी मी म्हणत होती. तुम्ही शाल गुंडाळून गॅलरीतल्या खुर्चीत बसलात, मी आत चहा करत होते. कप घेऊन आले तर फोन मांडीवर, चष्मा नाकावर, मान एका बाजूला. मला वाटलं, डुलकी लागली. हात लावला आणि कळलं. मांडीवरचा फोन टुंग टुंग करत होता. शुभ सकाळ नाना. जय भीम नाना. आज थंडी फार आहे, काळजी घ्या नाना. लोक तुम्हाला शुभ सकाळ म्हणत होते आणि तुम्ही निघून गेला होतात.

मला तो फोन उघडता येत नव्हता. माझा बटणांचा कुठे ठेवलाय ते सुचेना. मी ओरडले. आयुष्यात एवढा आवाज मी काढला नसेल. सिस्टर काठी विसरून जिना उतरून आल्या, त्या खुब्यासकट. त्यांनी मनगट धरलं, मान धरली, मग माझा हात धरला आणि सोडलाच नाही. तुम्हाला ज्या आवाजाने घरी यावंसं वाटायचं तो त्या दिवशी तुमच्यापर्यंत पोचला नाही. बाकी सगळ्या बिल्डिंगीत पोचला.

खाली कुणीतरी फोन काढला, ग्रुपवर टाकायला. देवरे आप्पांनी त्याचा हात धरला. "नही. नानांना नियम शे. दारवर जावानं." आणि तो म्हातारा माणूस एकेक जिना चढत, कठड्याला धरत, दार वाजवत निघाला. त्या दिवशी ग्रुपवर तुमच्याबद्दल एक अक्षर आलं नाही, स्मिताने नंतर दाखवलं मला. सकाळचे नमस्कार, आणि त्याखाली काही नाही. पण आपल्या दारात चपलांचा असा खच पडला की जावयाची एक चप्पल अजून सापडली नाहीये.

आणखी एक कबुली. सासूबाई गेल्या तेव्हाचं आठवतं? दहा दिवस चूल पेटवायची नाही म्हणून ज्याने त्याने डबा आणला, आणि प्रत्येकाने पिठलं-भात आणला. सकाळी पिठलं, संध्याकाळी पिठलं, तुम्ही शेवटी दही मागितलंत आणि डबे आणणाऱ्यांना कसं सांगावं ते मला कळेना. या वेळी बायकांनी फोनवर आपापसात ठरवलं होतं म्हणे, कुणी कधी काय आणायचं. एकदा मेथी, एकदा मुगाची खिचडी, सिस्टरांनी शेवया केल्या. पिठलं एकदाच आलं. मी जेवत होते आणि मनात म्हणत होते, बघा, इथे तुमचा एक मुद्दा बरोबर होता. तुम्ही समोर असता तर हे मी मेले तरी बोलले नसते.

खरा प्रश्न मागून आला. पाहुणे गेल्यावर स्मिताने माझी बॅग काढली. मला न विचारता त्यात साड्या भरायला लागली.

"आई, तू आता पुण्याला चल. इथे एकटी कशी राहशील?"

"एकटी कुठेय? एवढी कॉलनी आहे."

"कॉलनी बाबांची होती, आई. बाबा ग्रुपवर होते म्हणून सगळे होते. तुझ्याकडे साधा धड फोनही नाही. तुला काय झालं तर कुणाला कळणार?"

पोरगी खोटं बोलत नव्हती. तेच तर लागलं. तिने माझ्या मनातली भीतीच माझ्यासमोर मांडली होती. लोक आले ते तुमच्यासाठी आले. तुमचा गुलाब बंद झाल्यावर या दारावर कोण येणार? जन्मभर मोठ्याने बोलले, पण कुणाच्या घरी जाऊन बसले असं फार नाही. बोलण्याला माझं घर पुरत होतं, तुम्ही ऐकत होतात. पुण्यात स्मिताकडे सगळं छान आहे, पण तिथे मी सोळाव्या मजल्यावर खिडकीत बसणार आणि संध्याकाळी ती ऑफिसातून आली की तिला दमलेली बघून गप्प राहणार. मला गप्प राहायची भीती वाटते, अहो. तुम्हाला माहीत आहे.

शेवटी तडजोड झाली. मी तुमचा फोन वापरायला शिकायचं. रोज सकाळी ग्रुपवर हजेरी द्यायची. थोडे दिवस बघायचं, जमलं नाही तर बॅग भरलेलीच आहे. स्मिताने मला शिकवताना दोनदा कपाळावर हात मारला. गुलाब कुठून आणायचा ते मला जमेना, टाइप करायला गेले तर भलतंच. मग तिने ते माइकचं बटण दाखवलं. दाबून धरायचं आणि बोलायचं.

हे आधी का नाही सांगितलंत मला?

पहिल्या दिवशी मी बटण दाबलं आणि म्हटलं, "उठा रे सगळे! उजाडलं! पाणी आलंय, अंघोळी उरकून घ्या!" आप्पांचं उत्तर आलं की वहिनी, फोन ठेवा, तुमचा आवाज खिडकीतूनच आला. सिस्टरांचं 'जय भीम ताई' आलं. कुणाच्या तरी नातीने तिच्या आजीला विचारलं म्हणे, की ही कोण बाई रागावली? तेव्हापासून रोज. तुमचा गुलाब मुका होता, माझी हजेरी कानात बोटं घालायला लावणारी. स्मिता पुण्याला गेली. बॅग मात्र तशीच भरलेली, कपाटाशेजारी, मला दिसेल अशी.

आणि मग आजची सकाळ. म्हणून तर आज लिहायला बसलेय.

उठले, तुमचा फोन टेबलावर ठेवला आणि हजेरी द्यायच्या आधी, लॅचचं दार ओढून घेऊन, दूध आणायला म्हणून खाली गेले. मागच्या गेटवर मखमलाबादची फुलवाली आली होती, शेवंती घेऊन. तिच्या सुनेचं बाळंतपण झालंय, मुलगी झालीय, नाव काय ठेवायचं यावर घरात वाद. आता वाद म्हटल्यावर मी हलते होय? तिथेच पायरीवर बसले. ऊन अंगावर येईपर्यंत बसले. दूध घ्यायचं विसरलेच.

वर आले तर जिन्यात गर्दी. आप्पा दार बडवतायत, सिस्टर काठीने बडवतायत, कुणी कुलूपवाल्याला फोन लावतंय, दोन बायका चक्क रडताहेत. मी मागून म्हटलं, "काय झालं? कोण गेलं?"

सगळे वळले. सिस्टरांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्या खांद्यावर चापट मारली, चांगली जोरात. आप्पांचा आवाज फुटला होता. "मंग आज आवाज का बरं नही उना तुमना?"

 मी, मंगल, जिला कधी शब्दांची वानवा पडली नाही, ती आपल्याच दारात कुलूप उघडायचं सोडून उभी राहिले. मग म्हटलं, "आत या. चहा टाकते." सगळे आले. सोफ्यावर, खाली, गॅलरीत. तुमच्या खुर्चीत कुणी बसेना, तर मीच आप्पांना हाताला धरून तिच्यात बसवलं.

तेवढ्यात फोन वाजला. स्मिता, व्हिडिओवर. ग्रुपवर आई बोलली नाही म्हणून तीही घाबरली होती. मी फोन सगळ्या खोलीवरून फिरवला. सगळे एकदम बोलायला लागले, कुणाचंच धड तिला ऐकू आलं नाही. ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "आई, बॅग रिकामी करणार आहेस ना?"

"आजच करते," मी म्हटलं.

आता बसून भांडू या. तुम्ही म्हणणार, बघ, हजेरी चुकली म्हणून लोक आले, फोनमुळे आले. मी म्हणणार, आले ते दारावर आले, आणि दार वाजवायला हातच लागतात. तुम्ही म्हणणार, मधलं धर. मी म्हणणार, नाही धरत. रोज एकदा भांडू, मला वेळच वेळ आहे. तूर्तास एवढंच सांगते, की आज चहाला दूध नव्हतं, सगळ्यांनी कोराच प्यायला, आणि उठायचं नाव कुणी घेतलं नाही.